अडुसष्ट

माझं काम हिशेबाचं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासतेय, आकडा चुकला की मला झोप लागत नाही आणि जुळला की मी वही मिटून मोकळी होते. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे जे झालं त्यात या सवयीचा मोठा हात आहे.

सात महिने पाळी आली नव्हती. वय ४४. ताई म्हणाली माझी पण अशीच गेली, मैत्रिणी म्हणाल्या सुटलीस बाई, आणि मी पण तेच धरून चालले होते. थकवा होता, तो कुणाला नसतो. वजन वाढलेलं, ते पण सगळ्यांचंच वाढतं. थंडी जास्त वाजायची. डोकं दुखायचं पण ते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण हजर होतं आणि एकही कारण खोटं वाटत नव्हतं, सगळी मिळून एकच गोष्ट असू शकते हे डोक्यातच आलं नाही.

गायनॅककडे गेले ते सुद्धा हाडांसाठी काही गोळ्या सुरू करू का एवढंच विचारायला. त्यांनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली (मी हसले, त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची करते, वय बघत नाही) आणि मग रक्ताच्या चार-पाच टेस्ट. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "मेनोपॉज असता तर एफएसएच, म्हणजे अंडाशयाला हुकूम देणारं हार्मोन, वर गेलं असतं. खाली अंडाशय ऐकेनासं झालं की वरून हुकूम जोरात यायला लागतो, समोरचं ऐकत नसलं की आपण आवाज चढवतो तसं. तुमचं एफएसएच चार पण नाहीये. म्हणजे खालचा बहिरा झालेला नाही, वरचाच बोलत नाहीये."

वरचा म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी. पियूषिका ग्रंथी असं शाळेत पाठ केलं होतं, 'ग्रंथींची राणी' वगैरे, एका मार्काचा प्रश्न. आणि त्याच कागदावर प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन, तेही हीच ग्रंथी सोडते) ६८ लिहिलेलं, शेजारी २५ पर्यंत नॉर्मल. आकडा लाल, त्याच्यापुढे बाण. मला भीती वाटायला हवी होती पण खरं सांगते, बरं वाटलं. सात महिन्यांच्या 'असंच असतं' नंतर कुणीतरी आकडा दिला होता.

गायनॅकनी लगेच घाई केली नाही हे मला आज फार मोठं वाटतं. कुठकुठल्या गोळ्या घेताय विचारलं. मी ॲसिडिटीची कॅप्सूल घ्यायचे, कित्येक महिने, मनानेच. तिच्यात डॉम्पेरिडोन असतं आणि त्याने प्रोलॅक्टिन वाढतं हे मला कोण सांगणार. मळमळीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं, थायरॉइड कमी असणं, सगळ्यांनी ते वाढतं म्हणे, इतकंच काय सुई टोचायच्या भीतीने पण थोडंफार वर जातं. तर ती कॅप्सूल बंद करून तीन दिवसांनी सकाळी, अर्धा तास शांत बसवून परत रक्त घेतलं. ६६. मग एमआरआय.

एमआरआयचं फार काही सांगत नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहितीये आणि ज्यांनी नाही केला त्यांना सांगून उपयोग नाही. एवढंच की मधेच बाहेर काढून दंडात इंजेक्शन देतात, थंडगार काहीतरी वर चढत जातं, आणि परत आत घालतात. ते कशासाठी हे मला नंतर कळलं. चांगली ग्रंथी ते इंजेक्शनमधलं औषध, कॉन्ट्रास्ट, चटकन पिते आणि गाठ सावकाश, त्या मधल्या काही सेकंदांत दोघींच्या रंगात फरक पडतो आणि गाठ वेगळी दिसते. एरवी अर्धा ग्रॅम वजनाची, वाटाण्याएवढी वस्तू, तिच्यात कुठे काय शोधणार.

माझी काही शोधावी लागली नाही. २२ मिलिमीटर. १० च्या आत असली तर मायक्रो, १० किंवा जास्त असली तर मॅक्रो, आणि माझी तर मॅक्रोच्या दुप्पट. ग्रंथी बसते त्या हाडातल्या खळग्याला तुर्की खोगीर म्हणतात, दिसतं पण तसंच, आणि माझी गाठ त्या खोगिरातून वर उठून डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे टेकली होती. डाव्या बाजूला मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिणीला चिकटलेली. रिपोर्ट इंग्रजीत होता, मी तो आठ वेळा वाचला, आणि आठही वेळा फक्त 'बिनाइन' (म्हणजे साधी, कॅन्सरची नाही) हा शब्द शोधला. रिपोर्टमधे तो नव्हता. (असत नाही. ते फोटोवरून लिहीत नाहीत. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतातच, पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.)

आता इथून पुढचे सहा आठवडे. या सहा आठवड्यांबद्दल मला अजून चिडचिड होते.

ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी रिपोर्ट बघितला, ६८ बघितलं, आणि आमचा जीव भांड्यात पडेल असं वाक्य बोलले, "गोळीने जाईल." प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ म्हणजे प्रोलॅक्टिनोमा, आणि पिट्युटरीच्या गाठींमधे ही एकच अशी आहे की जिथे आधी ऑपरेशन नाही, आधी गोळी. कॅबरगोलिन. भल्यामोठ्या गाठी त्याने सुकून जातात, गेलेली नजर काही दिवसांत परत येते. आणि यातलं एक अक्षर खोटं नाहीये. ते काही वेडे नव्हते, त्यांनी फक्त माझी गाठ त्या जातीची आहे का हे विचारलं नाही.

अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवल्यावर. पहिल्या रात्री बाथरूमला उठले तर भिंत धरावी लागली, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, सकाळी मळमळ. त्याची सवय झाली. सहा आठवड्यांनी प्रोलॅक्टिन ४. अडुसष्टवरून चार! नवऱ्याने रिपोर्टचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला. ताईचा फोन, सासूबाईंचा फोन. मी वही मिटली.

त्याच आठवड्यात मी पार्किंगमधे गाडीचा डावा आरसा खांबाला घासला. त्याच्या आधी दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला होता, कुणी शेजारून आलं की दचकायचे, नवरा म्हणायचा तुझं लक्ष नसतं. वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली, त्यांनी पण मान हलवली, नंबर तोच आहे म्हणाले. मी पर्स उचलली. आणि मग नुसतंच बोलायचं म्हणून मी आरशाचं सांगितलं.

ते थांबले. समोर खुर्ची ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल एवढे जवळ. एक डोळा झाका, माझ्या नाकाकडे बघा, बोटं किती ते सांगा. आतल्या बाजूला सांगितलं. बाहेरच्या बाजूला म्हणलं, "कुठे आहेत बोटं?" ते काही बोलले नाहीत, बोटं आत आत आणत गेले, नाकाच्या जवळजवळ सरळ रेषेत आली तेव्हा मला दिसली. दुसऱ्या डोळ्याचं तेच, उलट बाजूने.

फील्ड टेस्ट ज्यांनी केलीये ते ओळखतील. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी एका खाचेत, कपाळ पट्टीला, एका डोळ्यावर काळी पट्टी, हातात घंटीसारखं बटण. समोर मधोमध एक पिवळा ठिपका, नजर तिथून हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सुरुवातीला खेळ वाटतो. मग लक्षात येतं की यंत्राचा आवाज चालूच आहे, ते काहीतरी दाखवतंय, आणि आपल्याला काही दिसतच नाहीये. पाच सेकंद, दहा सेकंद. मग मी काय केलं असेल? नुसतंच दाबलं. दोन-तीनदा. परीक्षेत उत्तर येत नसलं की आपण काहीतरी लिहून येतो तसं. पट्टी काढताना टेस्ट घेणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, दिसलं नाही तर दाबू नका ना, मशीनला कळतं आणि डॉक्टरांना चुकीचं समजतं." चव्वेचाळीस वर्षांची बाई आणि कॉपी करताना पकडली गेले. परत केली.

प्रिंटवर दोन गोल होते. दोन्हींचे बाहेरचे अर्धे भाग काळे, वर जास्त, खाली जरा कमी. घोड्याला झापडं लावतात ना, तसं. मला झापडं लागली होती आणि मला ती दिसत नव्हती, कारण जे दिसत नाही ते काळं दिसत नाही, ते नसतंच. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्यांनी त्याच दिवशी फोन करून आम्हाला एका हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एंडोक्रायनॉलॉजिस्ट. बाई, हळू बोलणाऱ्या, आणि रिपोर्टची फाइल पहिल्या पानापासून वाचणाऱ्या. वीस मिनिटं नुसत्या वाचत होत्या. मग विचारलं, अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का, दातांत फटी पडल्या का, दहा वर्षांपूर्वीचा फोटो आहे का मोबाइलमधे. फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरून बघितला. ग्रोथ हार्मोनची गाठ असली तर माणूस इतक्या सावकाश बदलतो की घरातल्यांना पण कळत नाही, जुना फोटो मात्र सांगतो. ते नव्हतं. आयजीएफ-१ नावाची टेस्ट करून ते पक्कं पण केलं.

मग त्यांनी ६८ वर बोट ठेवलं.

"ही गाठ जर प्रोलॅक्टिन बनवत असती तर २२ मिलिमीटरला आकडा दोनशेच्या वर, कधी हजारात पाहिजे होता. एवढ्या मोठ्या गाठीला ६८ फार कमी आहे." मी म्हणलं, नॉर्मल २५ आहे ना, कमी कसा? आणि मग त्यांनी कागद ओढून चित्र काढलं, तो कागद मी अजून ठेवलाय. वरून मेंदूकडून एका बारीक देठातून डोपामिन खाली येतं आणि ते प्रोलॅक्टिनवर सतत ब्रेक लावून ठेवतं. गाठ कुठल्याही जातीची असो, तिने तो देठ दाबला की ब्रेकची वायर दबते. मग ग्रंथीतल्या चांगल्या पेशीच थोडं जास्त प्रोलॅक्टिन सोडायला लागतात. साठ, सत्तर, ऐंशी. याला स्टॉक इफेक्ट म्हणतात. शेअरबाजाराचा स्टॉक नाही, देठाला इंग्रजीत स्टॉक. (नवऱ्याने नंतर दोन दिवस यावर विनोद केले.)

"मग गोळीने चार कसं झालं?"

"गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं डोपामिनच. ब्रेक लागला. चांगल्या पेशी गप्प बसल्या. गाठीला त्याचं काय, ती कुठे प्रोलॅक्टिन बनवत होती?"

हे ऐकताना मला जे झालं ते फक्त हिशेबवाल्यांना कळेल. एका बाजूला चूक झालेली असते, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची दुसरी चूक होते, आणि ताळा जमतो. अगदी पैशापर्यंत जमतो. असली वही सगळ्यात धोक्याची, कारण ती कुणी परत उघडत नाही. मी आयुष्यभर नवीन पोरांना हे शिकवत आले आणि स्वतःच्या डोक्यातली वही चार आकडा बघून मिटून टाकली.

तरी त्यांनी एक शंका काढली, आणि ती मला फार आवडली. कधीकधी उलटं असतं म्हणे, प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड असतं की टेस्टमधलं रसायनच त्यात बुडून जातं आणि यंत्र खोटा, लहान आकडा दाखवतं. हुक इफेक्ट. त्यावर उपाय साधा, रक्त शंभरपट पातळ करून परत मोजायचं. खरंच प्रचंड असेल तर आता खरा आकडा वर येतो. माझं पातळ करून, हिशेब करून, तेवढंच आलं. आणि नवीन एमआरआयमधे सहा आठवड्यांच्या गोळीनंतर गाठ २२ ची २२. एक मिलिमीटर पण इकडेतिकडे नाही.

त्या फाइलमधे अजून एक लपलेलं होतं. दोन वर्षं माझ्या हेल्थ चेकअपमधे थायरॉइड नॉर्मल, कारण त्यात टीएसएचच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोनच, मोजतात आणि ते २.१, एकदम आदर्श. पण टीएसएच पाठवते कोण, पिट्युटरी. ती आजारी असेल तर तिचाच दाखला घेऊन काय उपयोग, म्हणजे चोराला विचारायचं चोरी झाली का. त्यांनी फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, मोजलं, ते ०.६, म्हणजे कमी. थंडी, वजन, थकवा, सगळी कारणं एका ओळीत येऊन बसली. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लागणारं हार्मोन, ४.१, ते पण कमीच, धड आहे म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही असलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन समोर असताना यावर वाद घालायचा नाही, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे त्याचीच गोळी, सुरू करू, आणि थायरॉइडची गोळी त्याच्या नंतर, आधी नाही. हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. थायरॉइडने शरीराची गती वाढते, असलेलं कॉर्टिसॉल पण लवकर संपतं, मग माणूस एकदम कोसळू शकतो. गोळ्या दोनच, पण आधी कुठली याला एवढं महत्त्व असतं हे मला नवीन होतं.

आता ऑपरेशन. नजर जात होती म्हणजे वाट बघायचा प्रश्न नव्हता, पण 'नाकातून' हे ऐकल्यावर माझ्या आईने फोन ठेवूनच दिला. मी रात्री जागून त्याचा इतिहास वाचला, झोप नव्हतीच नाहीतरी. १९०७ मधे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला श्लोफर नावाच्या सर्जननी पहिल्यांदा नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ काढली. मग अमेरिकेत हार्वी कुशिंगनी शेकड्याने केली, आणि नंतर सोडून दिली, कवटी उघडणं बरं म्हणाले. त्या मोठ्या माणसाने सोडली म्हणल्यावर बाकीच्यांनी पण सोडली. पण त्यांच्याकडे शिकून गेलेला नॉर्मन डॉट नावाचा एडिनबराचा सर्जन मात्र करत राहिला, त्याच्याकडून पॅरिसच्या गियोंनी उचललं, त्यांच्याकडून माँट्रियालच्या जूल्स हार्डींनी, आणि १९६० च्या दशकात हार्डींनी त्या अंधाऱ्या बोळकांडीत मायक्रोस्कोप लावला. आज दुर्बीण घालून करतात. म्हणजे सगळी विद्या मधली काही वर्षं एका-दोघांच्या हातावर तगून राहिली. पहाटे तीनला हे वाचून मला रडू आलं, का ते विचारू नका.

सर्जन निवडताना बाईंनी सांगितलेला एकच प्रश्न विचारला, वर्षाला किती पिट्युटरी करता. मेंदूची ऑपरेशनं नाही, पिट्युटरीची. एकांनी विषय बदलला. दुसऱ्यांनी आकडा सांगितला आणि पुढे न विचारता म्हणाले, "सगळी निघणार नाही. डावीकडे ती रोहिणीला कवेत घेऊन बसलीये, तिथली मी ओढणार नाही. तुकडा ठेवणार." नवऱ्याचा चेहरा पडला, त्याला 'मुळापासून काढतो' म्हणणारा माणूस हवा होता. मला हाच बरा वाटला. काय करणार नाही हे आधी सांगणारा माणूस मला माझ्या धंद्यात पण आवडतो.

मी त्यांना तो सगळेच विचारतात तो प्रश्न पण विचारला, तुमच्या घरातलं कुणी असतं तर. ते म्हणाले, "मला विचाराल तर मी ऑपरेशनच सांगणार, मला तेच येतं. म्हणून तर आधी हार्मोनवाल्या मॅडमचं ऐकून आलात ते बरं झालं."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, मी झोपले होते. पोटावर एक लहान टाका होता, तिथली चरबी काढून नाकाच्या आतलं भोक बुजवलं. शुद्ध आली तेव्हा समोर भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळाच्या डाव्या बाजूला पडदा आणि उजव्या बाजूला सलाइनचा स्टँड. मी मान हलवली नव्हती. हे मी नर्सला सांगायचा प्रयत्न केला पण नाकात बोळे, घसा कोरडा, तिला वाटलं मला स्टँडचा त्रास होतोय, तिने तो सरकवला.

त्यानंतरचे दिवस मात्र पाण्याचे. पिण्याच्या आणि शरीरातून जाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी लघवी सुरू झाली ती सहा लिटर, पाण्यासारखी, आणि तहान अशी की रिकामा ग्लास दिसला की जीव घाबरा व्हायचा. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणायचे, साखरेशी काही संबंध नाही, तरी नावामुळे गोंधळ होऊन पेशंटच्या जिवावर बेतलंय म्हणून २०२२ मधे जगभरच्या तज्ज्ञांनी नाव बदललं. पण वॉर्डात अजून डीआयच म्हणतात, आणि मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, शुगर कधीपासून. डेस्मोप्रेसिन या पाणी धरून ठेवणाऱ्या औषधाचे दोन डोस, मग ते आपोआप थांबलं. चौथ्या दिवशी घरी. सूचनांची यादी: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, वाकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कुंथायचं नाही. नाकातून स्वच्छ पाणी ठिबकलं किंवा घशात खारट लागलं तर लगेच फोन. मी दिवसातून दहा वेळा घशातली चव तपासायचे. सगळंच खारट लागायचं.

सातव्या दिवशी सोडियम करा असं लिहिलं होतं. मला बरं वाटत होतं, जरा डोकं जड, जरा मळमळ, ऑपरेशननंतर एवढं असायचंच. नवरा म्हणाला उद्या करू. का कोण जाणे, मी हट्ट केला. १२६. नॉर्मल १३५ च्या वर. आधी शरीर पाणी सोडत होतं, आता उलट धरून ठेवत होतं, आणि साधारण आठवड्याने असं होतं म्हणूनच ती तारीख लिहिलेली असते. उपाय फुकटचा पण क्रूर, दिवसाला एक लिटर पाणी, चहा-औषधासकट. नवऱ्याने मापाच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आणि पाच दिवस माझ्यावर पहारा ठेवला. एकदा मी दात घासताना चूळ जरा जास्त वेळ तोंडात धरली तर तो दारात उभा.

गाठीचा रिपोर्ट आला त्यावर 'पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' लिहिलेलं. परत घाबरगुंडी. हे पण २०२२ चंच, डब्ल्यूएचओने ॲडेनोमा हे जुनं नाव बदलून हे ठेवलं, गाठ तीच. आणि जात? एफएसएच बनवणाऱ्या पेशींची, पण मुकी, काहीच न बनवणारी. म्हणजे ज्या हार्मोनच्या नसण्याने सगळं सुरू झालं त्याच्याच पेशी वाढून २२ मिलिमीटर झाल्या आणि गप्प बसून राहिल्या. याला काय म्हणायचं.

तीन महिन्यांच्या एमआरआयमधे डाव्या रोहिणीजवळ ६ मिलिमीटर शिल्लक. आता तिचं काय करायचं हा निर्णय मला ऑपरेशनपेक्षा जड गेला. ऑपरेशनला दुसरा रस्ता नव्हता, इथे दोन होते आणि दोन्ही शहाण्या माणसांनी सांगितलेले. रेडिएशनवाल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, नेमक्या जागी किरण देतात, बऱ्याच जणांची गाठ तिथेच थांबते, परिणाम दिसायला वर्षं लागतात, आणि उरलेले हार्मोन पुढे वर्षांनी जाऊ शकतात. बाई म्हणाल्या वाढली तर देऊच, कदाचित ती वाढणारच नाही, मग उगाच कशाला. ताई म्हणाली एकदाचं संपवून टाक. मला पण संपवायचंच होतं, पण मी स्वतःला विचारलं की हे गाठीसाठी करतेय की माझ्या वही मिटायच्या सवयीसाठी, आणि उत्तर मला आवडलं नाही. थांबायचं ठरवलं. दरवर्षी एमआरआय.

हायड्रोकॉर्टिसोन कायमचं झालं, दिवसातून तीनदा. थायरॉइडची गोळी. इस्ट्रोजेन पण, पन्नाशीपर्यंत, हाडांसाठी. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, तेही थांबायचं नाही. ते इंजेक्शन आणि एक कार्ड पर्समधे असतं. नवऱ्याला टोचायला शिकवलं, त्याने संत्र्यावर सराव केला, संत्रं तो नंतर खायला निघाला होता.

वर्षाचा एमआरआय झाला, ६ चे ६. फील्ड टेस्ट पण झाली, तीच मुलगी होती, या वेळी मी न दिसता बटण दाबलं नाही. दोन्ही गोल जवळजवळ पांढरे, फक्त डाव्या डोळ्याचा वरचा बाहेरचा कोपरा राखाडी राहिलाय, तो आता असाच राहील म्हणाले.

झापडं होती त्या दिवसांत नवरा रस्त्यावर माझ्या उजवीकडून, अर्धं पाऊल पुढे चालायचा, कुणी धडकू नये म्हणून. अजून तसाच चालतो. मी त्याला प्रिंट दाखवून सांगितलं, अरे उजवीकडचं सगळं दिसतंय आता, जे राहिलंय ते डावीकडे आहे आणि ते पण वर. हो का, म्हणाला, चष्मा वर करून प्रिंट नीट बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर परत उजवीकडे.